चौथं बटण

उमेदवार आमच्या घरी आला तेव्हा मी त्याच्याच प्रचाराच्या दुपट्ट्यांना पिको करत होते. मशीनशेजारी आमच्या पक्षाच्या रंगाच्या कापडाचा गुडघाभर ढीग, दोऱ्यांचा पसारा, आणि त्या पसाऱ्यात पाचसहा माणसं चपलांसकट आत घुसली. सगळ्यांत पुढे तो. मी उठेपर्यंत त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा आशीर्वाद पाह्यजे." पाय मागे घ्यावा तर मागे मशीन. माझा नवरा दारात उभा राहून असा हसत होता, जसं मुलीचं लग्न आत्ता जमलंय.

आमच्या घरातून कुणी चहा न घेता जात नाही. शिवाय मला तिथून उठून आत जायचंच होतं. गॅसजवळ उभी राहून मी चहा उकळू दिला, इतका की तो कडू झाला, आणि तसाच गाळून बाहेर नेला. कुणी तक्रार केली नाही. निवडणुकीच्या दिवसांत माणसं काहीही पितात.

नवऱ्याने कप डाव्या हाताने घेतला. ते उमेदवाराच्या लक्षात आलं. अशा गोष्टी टिपायची सवय असते या लोकांना. फार मायेने त्याने विचारलं, "भाऊ, त्या हाताले काय झालं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कपाकडे पाहिलं.

"काही नाही. जुनं हाय. पडलो होतो."

"काळजी घ्या बाप्पा," उमेदवार म्हणाला. "सगळी निवडणूक तुमच्याच खांद्यावर हाय."

सोबतची माणसं हसली. नवराही हसला. ते पुढच्या घरी गेले, नवरा त्यांच्या मागे गेला, आणि मी पुन्हा मशीनवर बसले. एकाच दुपट्ट्याला दोनदा पिको झाला, तो उसवत बसले.

माझा नवरा पडला नव्हता. काही वर्षांपूर्वीच्या एका निवडणुकीत त्याला मारलं होतं, आणि मारा म्हणणारा माणूस आत्ता माझ्या पाया पडून गेला होता.

तेव्हा हा उमेदवार समोरच्या पक्षात होता. मतदान केंद्राच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, सगळ्या पक्षांची टेबलं लागतात. मतदार आला की यादीत त्याचं नाव पाहून त्याला खोली नंबरची चिठ्ठी लिहून द्यायची, एवढंच त्या टेबलाचं काम. नवरा आमच्या टेबलावर बसला होता आणि मी त्याचा डबा घेऊन गेले होते. मी पोचले तर भांडण सुरू होतं. तुमचं टेबल रेषेच्या पुढे आलंय, मागे घ्या, असं समोरच्यांची पोरं म्हणत होती. टेबल पुढे नव्हतं. नवऱ्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पक्षाने तिथे बसवलंय म्हटल्यावर तो तिथेच बसणार, असा त्याचा स्वभाव. मग एकाने टेबलावरची मोठी छत्री उपसली आणि तिचा दांडा नवऱ्याच्या खांद्यावर घातला. उमेदवार, म्हणजे आजचा उमेदवार, बाजूला मोटरसायकलला टेकून उभा होता. पांढराशुभ्र शर्ट. तो ओरडला नाही. भाजीवाल्याला कोथिंबीर जास्त टाक म्हणावं तितक्या सहज म्हणाला, "सोडू नका बे त्याले." पोरांनी सोडलं नाही. डबा माझ्या हातातच होता.

गळ्याजवळचं हाड मोडलं, खांद्याचा सांधा निखळला. ऑपरेशन झालं, तरी उजवा हात खांद्याच्या वर जायचा तो बंदच झाला. हिंगण्याच्या एका कंपनीत तो प्रेस मशीनवर होता. कंपनीने त्याला गेटवर आणून बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदी करायला. ज्याच्या हाताखाली चार माणसं शिकून तयार झाली तो माणूस गेटवरच्या खुर्चीत बसून निवृत्त झाला. घरात मी त्याला भरवलंय, त्याचे केस विंचरलेत, पायजम्याची नाडी बांधलीय. आजही शर्ट घालताना आधी उजवी बाही मी चढवते. घोषणा देताना तो डावा हात वर करतो. मोर्चात सगळ्यांचे उजवे हात वर असतात आणि त्यात एक डावा. फोटोत तो लगेच सापडतो.

पोलिसांत तक्रार दिली होती. मग आमच्याच पक्षाची मोठी माणसं घरी आली, खांद्याला हात न लावता नवऱ्याची विचारपूस केली आणि म्हणाली, निवडणूक झाली, आता एकाच गावात राहाचं हाय, वाढवू नका. नवऱ्याने तक्रार मागे घेतली. तेव्हा मला वाटलं, पक्ष मोठ्या मनाचा आहे. मला असं वाटलं याची आज लाज वाटत नाही, राग येतो.

पुढे समोरच्यांनी या उमेदवाराला तिकीट नाकारलं आणि तो आमच्याकडे आला. ढोलताशे, हार, आमच्या रंगाचा दुपट्टा. आणि आल्या आल्या महापालिकेचं तिकीट.

कुणी म्हणेल, एवढाच राग असेल तर पक्ष सोडा. सांगायला काय जातं? माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरात माग होता. मागाचा आवाज दोनच गोष्टींसाठी थांबायचा, कुणाच्या घरी मयत झाली तर आणि पक्षाची बैठक असली तर. बैठक आमच्याच ओसरीवर भरायची. मी लहानपणी लुगड्याच्या काठांची नावं आणि पक्षाच्या घोषणा एकदमच पाठ केल्या. सासरे मला पाहायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का हे त्यांनी विचारलंच नाही. माझे वडील कोणत्या पक्षात आहेत ते विचारलं, आणि उत्तर ऐकून आणखी एक लाडू घेतला. नागपूरला सासरीही तेच, हातमाग आणि पक्ष. पुढे माग गेला, जिथे तो होता तिथे आता माझं शिलाई मशीन आहे. पण पक्ष राहिला. मोहल्ल्याला घरांचे मालकीपट्टे मिळावे म्हणून पाण्याचे रिकामे गुंड, म्हणजे हंडे, डोक्यावर घेऊन मोर्चात चालणाऱ्या बायांत मी होते. नळाच्या लाइनसाठी महापालिकेच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेल्यांतही होते. पक्ष माझ्या नवऱ्याने मला आणून दिलेला नाही. तो माझाही आहे, आणि म्हणूनच मला एवढं लागलं.

आमच्याकडे महापालिकेला एका प्रभागात चार जागा. प्रत्येक मतदाराला चार मतं, चार वेगळ्या कागदांवर: पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. आमचे बाकीचे तीन उमेदवार चांगले होते. एक मागच्या गल्लीतली बाई, माझ्यासोबत पायऱ्यांवर बसलेली. एक तरुण वकील, जरा जास्तच बोलतो पण कामाचा. तिसरा अगदीच मुखदुर्बळ, पण त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. आणि चौथा, निळ्या कागदावरचा, हा.

नवऱ्याने एक दिवस तोंड पाडलं. ज्या दिवशी तिकिटं जाहीर झाली त्या दिवशी तो जेवला नाही, कुणाचा फोन घेतला नाही. मला वाटलं, चला, याच्यात अजून जीव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, दुपट्टा घालून तो प्रचाराला निघाला. मी बाही चढवायला उभी होते.

"जाऊन राहिले का त्याच्यासाठी?" मी विचारलं.

"पक्षासाठी जाऊन राहिलो. आपण माणसाले मत देत नाही, निशाणीले देतो."

"मंग निशाणीनंच मारलं असन तुमाले."

"त्यानं नाही मारलं वं. त्याचे पोट्टे होते."

"सोडू नका कोण बोललं? मी होती ना तिथं."

बाही चढवून झाली तरी मी बटणं लावली नाहीत. शेवटी त्याने स्वतःच डाव्या हाताने ती लावली.

हे भांडण पुढे रोज झालं, कधी पोळ्या करताना, कधी भांडी लावताना. नवरा मूर्ख नाही. तो म्हणायचा, "हे पाह्य, तो आला म्हून पलीकडचे मोहल्ले आपल्याकडे आले. एक सीट कमी पडली तं समोरचे बसतात महापालिकेत. पाच वर्षं. मंग तू तुही नळाची लाइन घेऊन कोणापाशी जाशीन?" हे खरं होतं. त्याचं सगळं खरं असायचं, त्याचाच मला जास्त राग यायचा. समोरच्यांनी आमच्या मोहल्ल्याचं काय केलं ते मी पाहिलंय. त्यांचा निळ्या कागदावरचा माणूस याच्याहून बरा होता असंही नाही. तो बिल्डरांच्या गाडीतून फिरायचा, आमच्या गल्लीत कधी उतरलाच नाही.

एकदा मी म्हटलं, "माफी तरी मांगितली का त्यानं?"

"त्याले याद बी नसन."

"तेच तं म्हणते मी!"

"मी माफ केलं ना पण? खांदा माहा हाय."

"खांदा तुमचा असन. मालिश कोणी केली?"

त्यावर तो भडकला. तू घर मोडायला निघालीस, लोक काय म्हणतील, मोहल्ल्यात आपली काय इज्जत राहील, सगळं बोलला. मीही सोडलं नाही. इज्जत त्या टेबलावरच पडून आहे, जाऊन उचलून आणा, असं मी म्हणाले. मग दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बाही मात्र मी चढवतच होते, न बोलता.

मुलीचं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या प्रभागात. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला जाते. तिला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आई, एवढं काय त्यात? सगळ्यांत खाली नोटाचं बटण असते, ते दाबून दे." आजच्या पोरींना सगळं सोपं. मी त्या नोटाचा पुष्कळ विचार केला. वरीलपैकी कुणीही नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे समोरचा बिल्डरवाला आणि हा एकाच मापात घालायचे. मला तसं म्हणायचं नव्हतं. शिवाय आमच्या घरात नोटा म्हणजे पक्षाला पाठ दाखवणं, सासऱ्यांचा फोटो भिंतीवर आहे. मला फक्त त्या एका माणसाच्या नावासमोर हात न्यायचा नव्हता. तीन मतं द्यायची, चौथं द्यायचंच नाही, गुपचूप बाहेर यायचं. पक्षाचंही राखलं, माझंही राखलं. त्याला एक मत कमी पडेल, ते कुठे गेलं हे कुणाला कळणार नाही. हे ठरवलं आणि मला गाढ झोप लागली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो समजला की बायको ताळ्यावर आली.

मतदानाच्या दिवशी नवरा अंधारातच घराबाहेर पडला. तो आमच्या खोलीचा पोलिंग एजंट होता. मतदान सुरू व्हायच्या आधी मशीन तपासून दाखवतात तेव्हा एजंट हजर लागतो, आणि मग दिवसभर खोलीतच बसायचं, कोण आलं कोण नाही त्यावर खुणा करायच्या. मी सगळं आवरून, बरी साडी नेसून, उन्हं वर आल्यावर गेले. महापालिकेच्याच शाळेतली खोली. भिंतीवर बाराखडी, खाली लहान मुलांचे बुटके बाक. त्या बाकांवर गुडघे वर करून सगळ्या पक्षांचे एजंट बसलेले, त्यात माझा नवरा. मला पाहून त्याने खुणेनं विचारलं, चहा घेतला का. भांडण मिटल्याची ती त्याची पद्धत. मीही मान हलवली.

नाव वाचलं, सही केली, बोटाला शाई लागली. आडोशाच्या मागे गेले. ओळीने यंत्रं मांडली होती. पांढरा कागद, आमची निशाणी, बटण, लाल दिवा. गुलाबी, माझी पायऱ्यांवरची मैत्रीण, बटण दाबताना मला हसूही आलं. पिवळा, तो बिचारा मुखदुर्बळ. मग निळा. त्याचं नाव होतं, आमची निशाणी होती, ज्या निशाणीच्या पताका मी आयुष्यभर शिवल्या. मी हात पदराखाली घेतला आणि बाहेर आले. फार हलकं वाटलं. दोन पावलं तसं वाटलं असेल.

"ओ मॅडम," टेबलामागच्या अधिकारी बाई म्हणाल्या. "थांबा. आवाज नाही आला."

"कशाचा?"

"मशीनचा. चारही मतं झाल्याशिवाय बीप वाजत नाही. तुमचं एक राहिलं."

विधानसभेला, लोकसभेला एकच बटण असतं. दाबलं की वाजतं. मागच्या महापालिकेला मी डोळे झाकून चारही आमच्या निशाणीवर दाबली होती, त्यामुळे ते कधी वाजलं आणि का वाजलं हे पाहायची वेळच आली नव्हती. राहिलेल्या मताचीही या यंत्रात वाच्यता होते, हे मला कुठून ठाऊक असणार?

खोलीतलं सगळं थांबलं. रांगेतल्या बाया आत डोकावू लागल्या.

"राहू द्या मंग," मी म्हटलं. "नाही द्याचं मले चौथं."

"तसं ठेवता येत नाही, मॅडम. मशीन अडकून राहते. पुढच्या माणसाचं मत होणार नाही. कुणीच नको असेल तर नोटा दाबा, पण दाबा काहीतरी."

समोरच्या पक्षाचा एजंट बाकावरून वळला. पान खाऊन लाल झालेलं तोंड, त्याचं आमच्या घरी लग्नाकार्याला येणंजाणं. तो नवऱ्याला म्हणाला, "काहून गा भाऊ? घरातूनच गळती लागली का?" आणि बाकीचे हसले. कुणाचं मत राहिलं ते त्या खोलीत कुणाला विचारायची गरज नव्हती. छत्रीचा दांडा सगळ्या मोहल्ल्याला माहीत होता. ज्याने मारलं त्याच्यासाठी हा माणूस दारोदार फिरला, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या तोंडावर आतापर्यंत कुणी हसलं नव्हतं, ते आता माझ्यामुळे हसले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो आता उठेल. काय म्हणेल ते ठाऊक नव्हतं, पण माझ्या बाजूचं काहीतरी म्हणेल. तिची मर्जी आहे, एवढं जरी म्हणाला असता.

तो अधिकारी बाईंकडे पाहून हसत म्हणाला, "तिले मशीनचं समजत नाही मॅडम. चष्मा घरी विसरून आली असन. जाय वं, जाय, निळ्या कागदावरचं राहिलं तुहं."

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. सुईत दोरा ओवणारी बाई मी, आणि मला मशीनचं समजत नाही. सगळ्या खोलीला तो चष्मा दिसत होता. नवऱ्यालाही दिसला असावा, कारण एवढं बोलून त्याने मान खाली घातली आणि समोरच्या कागदावर उगाच रेघा ओढायला लागला. उजव्या हाताने. त्या हाताला लिहिणं जमतं, वर जाणं जमत नाही. त्याचा पांढरा होत आलेला माथा मला वरून दिसत होता. सकाळी घाईत भांग वाकडा पडला होता. मला त्याचा इतका संताप आला, आणि त्याच संतापात इतकी कीव आली, की मला वाटलं इथेच खाली बसावं आणि मोठ्याने रडावं.

मी परत आडोशामागे गेले. मागून रांगेतली कुणीतरी म्हणाली, "बाप्पा, किती वेळ!" निळ्या कागदासमोर उभी राहिले. नोटा अगदी तळाला होतं. बाहेर नवरा मान खाली घालून बसला होता. तिथे बसून त्याला कळणार नव्हतं मी काय दाबलं ते, पण मला त्या क्षणी वाटलं की त्याला कळेल. वाटलं, उद्या मोजणीत आमच्या खोलीचा आकडा निघेल, सगळे त्याच्याकडे पाहतील, आणि याच्या घरातलं मतसुद्धा याला राखता आलं नाही असं म्हणतील. खांदा गेला, मशीन गेलं, आता एवढंही. मी आमच्या निशाणीसमोरचं बटण दाबलं. लांबलचक आवाज झाला, शाळा सुटल्यासारखा. बाहेर आले तेव्हा अधिकारी बाई म्हणाल्या, "झालं बघा, किती सोपं होतं." मी कुणाकडे न पाहता घरी आले आणि नेसत्या साडीनिशीच आंघोळ केली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या मोहल्ल्यात फिरली, आणि फिरता फिरता तिचा अर्थ बदलला. मी नोटा दाबलं असं सगळ्यांनी धरून चाललं. पक्षातल्या बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भाजी घ्यायला गेले तर पलीकडची एक म्हातारी माझा हात दाबून हळूच म्हणाली, "बरं केलं बाई. कोणीतरी कराले पाह्यजे होतं." मी तिला काय सांगणार? मी मेथी निवडायला लागले. त्या म्हातारीच्या डोळ्यांतलं कौतुक मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आमचे चारही निवडून आले. निळ्या कागदावरचा तर सगळ्यांत जास्त मतांनी. मिरवणूक आमच्या गल्लीत आली, गुलाल, फटाके, डीजे. घराघरासमोर थांबत तो आमच्या दाराशीही थांबला. माझ्या पाया पडला, या वेळी पाय मी मागे घेतला. सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "वहिनी, तुमाले मशीन शिकवा लागन एक दिवस." गल्ली हसली. नवऱ्याच्या कपाळाला त्याने गुलाल फासला, दुसऱ्या कुणीतरी नवऱ्याचा उजवा हात धरून वर ओढला. तो कळवळला, पण हसतच राहिला.

मिरवणूक पुढे गेली. आवाज दूर गेल्यावर नवरा आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला, शर्ट काढायला. गुलालाने माखलेला. मी डावी बाही आधी उतरवली, मग उजवी. खांदा सुजला होता. मी तेल गरम करायला वळले तर तो मागून म्हणाला, "अवं, ऐक. रागाऊ नको. काल मी तसं बोलाले नको होतं."

मी तेलाची वाटी गॅसवर ठेवली.

"पाच लोकांमधे काय बोलाव, सुचलं नाही मले. पण खरं सांगू का?" तो मशीनजवळच्या स्टुलावर बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज माझ्या ओळखीचा वाटला. "काल सकाळी पह्यलं मत माह्यंच होतं. पांढरं दाबलं, गुलाबी दाबलं, पिवळं दाबलं. निळ्यापाशी आलो आन् बोट गेलंच नाही. तसाच उभा राह्यलो. मंग खालचं नोटा दाबून टाकलं. वाजलं. कोणाले काय समजते?"

"तुमाले माहीत होतं? चारी दाबल्याशिवाय वाजत नाही ते?"

"ट्रेनिंगमधे सांगतलं होतं ना."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले कायले सांगाव? मले वाटलं, तू ताळ्यावर आली." मग तो हसला. खांदा धरून, खरंखुरं हसला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हसायचा तसा. "आन् तू तं माह्यापेक्षा बी पक्की निघाली. सगळ्यांसमोर अडून बसली. मी मान खाली घालून बसलो, पण आतून म्हटलं, वारे वा. जाऊ दे, निवडून आला तं आला. आपल्या घरातून त्याले एकबी मत नाही गेलं."

तेलाची वाटी गॅसवर तापत होती. मी गॅस बंद केला.

"गेलं," मी म्हटलं. "एक गेलं."

त्याला समजायला वेळ लागला. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र माझ्याकडे पाहत राहिले.

"तू?" तो म्हणाला. "काहून?"

"तुमी मान खाली घालून बसले होते म्हून."